मुंबईत नवे आहात? बाहेर कुठे, केव्हा आणि कसं जेवायचं

नोकरीसाठी मुंबईत आलेला माणूस पहिल्या आठवड्यात लोकलचा पास काढतो आणि मोबाइलवर ‘जवळचं चांगलं हॉटेल’ शोधतो. पास जरूर काढा. दुसऱ्या कामाची घाई करू नका. मोबाइलवरचे तारे या शहरात फार फसवतात. ज्याच्या दाराशी लोक दोन-दोन पिढ्या रांग लावतायत, त्या उडप्याला ‘वेटर उर्मट आहे’ म्हणून तीन तारे पडतात, आणि भिंतीवर प्लॅस्टिकची फुलं लावून फोटोची सोय केलेल्या हॉटेलला साडेचार.

मुंबईत एखादा पदार्थ कुठे चांगला मिळेल, हे तो रांधणारी माणसं कुठे येऊन राहिली यावर ठरतं. गिरण्यांत कामाला आलेला कोकणी माणूस, कचेऱ्यांत कारकुनी करायला आलेला मद्रास-म्हैसूरकडचा, कापडबाजारातला गुजराती, फाळणीनंतर आलेले सिंधी आणि पंजाबी, यझ्द-कर्मानहून आलेले इराणी. प्रत्येकानं आधी आपल्याच माणसांच्या पोटाची सोय केली. बाकीचं शहर नंतर वास काढत तिथे पोचलं. त्यामुळे आधी वस्ती धरायची, मग पदार्थ, आणि त्या पदार्थाची वेळ. तिन्ही जुळलं की मुंबईत वाईट जेवण मिळणं कठीण आहे.

पायरी १ : आधी रोजचं पोट

बाहेर खाण्याची हौस शनिवार-रविवारसाठी ठेवा. रोज दोन्ही वेळा हॉटेलात जेवलात तर पगार आणि पोट दोन्ही महिन्याभरात तक्रार करतील. राहायची जागा ठरली की पहिली चौकशी डब्याची करा. बिल्डिंगचा वॉचमन, खालचा किराणावाला, इस्त्रीवाला यांना विचारा, ‘इथे घरगुती डबा कोण देतं?’ नव्वद टक्के ठिकाणी नाव तिथेच कळतं. डबा लावताना महिन्याचे पैसे एकदम देऊ नका; आठवडाभर खाऊन बघा. सुट्टीच्या दिवशी डबा असतो का, खाडा केला तर पैसे कापून मिळतात का आणि आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत कळवायचं, हे आधीच विचारून घ्या.

डबा नको असेल तर पोळीभाजी केंद्र. दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली, मुलुंड असल्या मराठी वस्तीच्या भागांत ही केंद्रं जागोजागी आहेत. संध्याकाळी स्टेशनवरून घरी जाताना चार पोळ्या, पावशेर भाजी, वरण घ्यायचं आणि घरी फक्त भात लावायचा. सातच्या आत गेलात तर भाजी निवडता येते. नऊला गेलात तर उरलेला दुधी.

घरगुती जेवण विकणाऱ्या बायांची या शहरातली परंपरा जुनी आहे. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली एकत्र आणलं आणि दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. गिरण्या गेल्या, पण महिन्याच्या बोलीवर परक्या माणसाला घरचं जेवण देण्याची पद्धत टिकली.

पायरी २ : नाक्यावरचा उडपी समजून घ्या

घराजवळ आणि ऑफिसजवळ एकेक उडपी हेरून ठेवा. मुंबईतली ही सगळ्यात भरवशाची जागा. सकाळी इडली-वडा, दुपारी राइस प्लेट, संध्याकाळी डोसा किंवा पावभाजी, आणि केव्हाही चहा. याच हॉटेलात पंजाबी आणि चायनीजही मिळतं. ते मागवू नका असं मी म्हणणार नाही, पण तिथल्या तव्यावर ज्याचा हात बसलाय तो डोसाच आहे.

काही रीती माहीत असाव्यात. दुपारी साडेबारा ते दोन या वेळात तुम्ही एकटे असाल तर समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसेल. तो विचारणार नाही, तुम्हीही दचकू नका. ऑर्डर लगेच सांगा, खाऊन झालं की उठा, गप्पा बाहेर मारा. पुष्कळ ठिकाणी एसी आणि बिगरएसी भागाचं मेनूकार्ड वेगळं असतं आणि त्याच डोशाचा भाव दार उघडून आत गेल्यावर वाढतो, तेव्हा बसण्यापूर्वी बघून घ्या. राइस प्लेट साधी की स्पेशल, लिमिटेड की अनलिमिटेड, हेही आधीच विचारायचं.

हाक काय मारायची? मराठी वेटर असेल तर दादा, वयस्कर असेल तर काका किंवा मामा. उडप्याकडे ‘अण्णा’ सर्रास चालतं, पण तो ओडिशाचा किंवा नेपाळचा मुलगा असण्याचीही तितकीच शक्यता आहे, त्याला ‘भाऊ’ किंवा ‘भय्या’ पुरे. चुटकी वाजवून किंवा ‘ए’ म्हणून बोलावणाऱ्याच्या टेबलावर पाणीसुद्धा शेवटी येतं, आणि यायलाही हवं.

पायरी ३ : लोकलच्या नकाशावर जेवा

आता सुट्टीचे दिवस. एका सुट्टीला एकच स्टेशन धरा. ‘आज पाच ठिकाणं करू’ म्हणणारे मित्र टाळा. त्यांना खाण्यापेक्षा यादीत खुणा करण्यात रस असतो.

*माटुंगा.* सुरुवात इथून करा. मध्य रेल्वेचं माटुंगा, पूर्वेकडे उतरायचं. स्टेशनसमोर रामाश्रय आहे. ते पहाटेच उघडतं, आणि सकाळी सातला तिथला उपमा, इडली आणि अननसाचा शिरा खाल्लात तर रांगेचा त्रास नाही. किंग्ज सर्कलकडे चालत गेलात की कॅफे मद्रास आणि कॅफे म्हैसूर. मद्रासच्या बाहेर रविवारी सकाळी लग्नघरासारखी गर्दी असते. तिथे एक माणूस वही घेऊन उभा असतो, त्याच्याकडे नाव आणि किती जण ते सांगायचं आणि कान उघडे ठेवायचे. रसम वडा, नाचणीचा डोसा आणि शेवटी फिल्टर कॉफी. आमच्यासारख्या आळशी लोकांनी सुट्टीचा मोह सोडून कामाच्या दिवशी दुपारी चारला जावं.

माटुंग्याचं खरं जेवण मात्र ए. रामा नायक यांच्या श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये. स्टेशनला लागूनच असलेल्या मंडईच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. १९४२ पासूनची ही जागा. आधी कूपन घ्यायचं, मग आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसायचं. केळीच्या पानावर वाढप होतं: दोन भाज्या, सांबार, रसम, दही, पापड, पुऱ्या किंवा चपात्या आणि भात. नवखा माणूस पहिल्याच फेरीत पुऱ्यांवर ताव मारतो आणि भाताला जागा उरत नाही. उलट करा. पुरी एखादीच, मग भात तीन वेळा: सांबाराशी, रसमाशी, शेवटी दह्याशी. रसम द्रोणात घेऊन प्यायलात तरी कुणी हसत नाही. पानात टाकायचं मात्र नाही, तिथे ते आवडत नाही. माटुंग्यातली बरीच जुनी हॉटेलं सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवारी जोडून सुट्टी आली तर दुसरा बेत करा.

*दादर.* पश्चिमेला उतरा. स्टेशनजवळ मामा काणे, शिवाजी पार्काच्या बाजूला प्रकाश, शिवसेना भवनाजवळ आस्वाद. लातूर-सांगली-नाशिकहून आलेल्यांना इथे घरचं काही मिळेल असं वाटतं, पण हे दादरचं मराठी जेवण आहे, सौम्य आणि किंचित गोडसर. कोल्हापूरच्या माणसानं इथल्या मिसळीवर रागावू नये. प्रकाशकडे साबुदाणा वडा आणि पीयूष, आस्वादमध्ये थालीपीठ आणि मिसळ, एवढं ठरवून जा. वडापावाची गाडी अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेरच सुरू केली असं सांगितलं जातं. दादरमध्ये आज वडापाव खायचा तर प्रभादेवीला कीर्ती कॉलेजजवळ चालत जा. तिथे वड्यासोबत तळणीतला कुरकुरीत चुराही पावात घालून मिळतो.

*धोबीतलाव ते बॅलार्ड इस्टेट.* इराण्यांची मुंबई आता थोडीच उरली आहे, तेव्हा हे फार पुढे ढकलू नका. मरीन लाइन्सला उतरून कयानी (१९०४), तिथून रस्ता ओलांडला की जवळच ससानियन. बन मस्का आणि चहा, किंवा कडक ब्रुन पाव चहात बुडवून. भूक असेल तर खिमा पाव नाहीतर अकुरी (पारशी पद्धतीची अंडाभुर्जी). ग्रँट रोड स्टेशनबाहेरच्या बी. मेरवानचे मावा केक सकाळीच संपतात, दुपारी जाऊन हळहळू नये. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया (१९२३) ही दुपारच्या जेवणाची जागा: बेरी पुलाव, सल्ली बोटी (वर बटाट्याच्या तळलेल्या सळ्या घातलेलं मटण), शेवटी कॅरमल कस्टर्ड. भाव इराणी चहाच्या मानानं चांगलाच वर आहे, पगार झाल्यावर जा. इराण्याकडे रोख पैसे जवळ असलेले बरे.

फोर्टात आलाच आहात तर कुलाब्यापर्यंत जाऊन ऑलिंपिया कॉफी हाउसमध्ये सकाळी खिमा पाव खाता येतो. लिओपोल्डच्या अगदी समोर. गर्दी लिओपोल्डला, खिमा ऑलिंपियात.

*काळबादेवी.* गुजराती थाळी खायची तर दादीशेठ अग्यारी गल्लीतलं श्री ठाकर भोजनालय, १९४५ पासूनचं. जिना चढून जावं लागतं. ताट समोर आलं की चार-पाच माणसं एकामागून एक येतात. कुणाकडे फरसाण, कुणाकडे भाज्या, कुणाकडे तुपाची वाटी. ‘नको’ नुसतं तोंडानं सांगून भागत नाही, ताटावर हात आडवा धरावा लागतो. सकाळी नाश्ता करून इथे जाणं म्हणजे पैसे वाया घालवणं. खिसा बेताचा असेल तर त्याच भागात नरोत्तम वाडीतलं फ्रेंड्स युनियन जोशी क्लब: थाटमाट काही नाही, जेवण चोख.

*महंमद अली रोड.* मशीद बंदर किंवा सीएसएमटीला उतरून चालत. रमझानच्या रात्री मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत सगळी मुंबई लोटते. एकदा अवश्य जा. पण शांतपणे खायचं असेल तर इतर महिन्यांत जा. नूर मोहम्मदीत नल्ली निहारी, सुलेमान उस्मानकडे फिरनी आणि मालपुवा, बोहरी मोहल्ल्यात ताज आइस्क्रीम, जिथे अजून हातानं फिरवलेल्या संच्यात आइस्क्रीम होतं. सीताफळाच्या दिवसांत गेलात तर तेच घ्या. भेंडी बाजाराचा पुनर्विकास चालू आहे, जुनी दुकानं इकडची तिकडे झालीत; नकाशापेक्षा पानवाल्याला विचारलेलं बरं.

*सायन, चेंबूर आणि पुढे.* फाळणीनंतरच्या निर्वासित छावण्यांचा हा पट्टा. हार्बर लाइनच्या जीटीबी नगरला उतरलात की गुरुकृपाचा छोले-समोसा. ‘कोलंबी कोळीवाडा’ कोळ्यांचा समजून खाणाऱ्यांसाठी: तो याच सायन कोळीवाड्यात वसलेल्या पंजाब्यांच्या कढईतून आलेला मानला जातो. चेंबूर कॅम्पात सकाळी विग रिफ्रेशमेंटला दाल पकवान, आणि झामाकडे गुलाबजाम. भाडं परवडत नाही म्हणून अंबरनाथ-बदलापूरला राहत असाल तर दाल पकवानासाठी चेंबूरपर्यंत यायचं कारण नाही, उल्हासनगर तुमच्या वाटेवरच आहे.

वांद्रे, लोअर परळ इथली चकचकीत हॉटेलं मी सोडून देतो. ती शोधायला मार्गदर्शक लागत नाही, ती स्वतःच तुम्हाला शोधत येतात.

पायरी ४ : मासे मागवायला शिका

यावर जरा जास्त लिहितो, कारण घाटावरून आलेली माणसं इथे हमखास पापलेट मागवतात आणि बिल बघून मुंबईला नावं ठेवतात.

मासळीची हॉटेलं ढोबळमानानं तीन प्रकारची. मालवणी आणि गोमंतकी खानावळी: दादरचं सिंधुदुर्ग, पार्ल्याची गजाली, वांद्रे पूर्वेला गांधीनगरचं हायवे गोमंतक. दुसरी मंगळुरी ‘लंच होम’: फोर्टातलं महेश, परळचं जयहिंद. तिसरी पर्मिट रूम, जिथे मासा चकण्याच्या निमित्तानं असतो पण कधीकधी अफलातून असतो. मालवणी कालवणात खोबरं आणि भाजका मसाला, गोमंतकी हुमणात ओलं खोबरं आणि बऱ्याचदा तिरफळ, मंगळुरी गस्सीत सुकी लाल मिरची आणि खोबरं. सावजी किंवा तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला पहिल्यांदा हे फिकं वाटेल. दुसऱ्या वेळेला वाटणार नाही.

बसल्या बसल्या मेनूकार्ड न उघडता विचारा, ‘आज ताजं काय आलंय?’ मराठीत विचारा. खरं उत्तर मिळण्याची शक्यता दुप्पट होते. पहिल्या खेपेला बांगडा थाळी घ्या. ती बहुतेक ठिकाणी सगळ्यात स्वस्त, आणि बांगडा ताजा असला तर सुरमईच्या तोंडात मारेल असा. सोबत बोंबील फ्राय किंवा मांदेली. मांदेलीची प्लेट चौघांत फिरते आणि खिशाला लागत नाही. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आवडल्या तर त्यांचं सुकं भाकरीशी. कोंबडी खाणाऱ्यांसाठी कोंबडी-वडे. सोलकढी भातावर ओतायची की प्यायची, यावर कोकणात घराघरांत मतभेद आहेत, तुम्ही दोन्ही करा.

मेनूकार्डावर काही मासळीपुढे भावाऐवजी ‘साइजप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं. पापलेट, खेकडा, लॉब्स्टर हे त्यातले. तिथे लाजायचं नाही. मासा आधी आणून दाखवायला सांगा, भाव विचारा, मगच हो म्हणा. हे विचारल्याबद्दल चांगलं हॉटेल कधीच तोंड वाकडं करत नाही.

खानावळी दुपारी तीन-साडेतीनला बंद होऊन संध्याकाळी सातनंतर उघडतात. मधल्या वेळात पोचलात तर दारावरची खाली ओढलेली शटर बघून परत यावं लागेल. रविवारी दुपारी एकला जाऊ नका, बाराला जा.

पायरी ५ : रस्त्यावरचं

गाडीवर खायचं एकच गणित: माल जितका भरभर खपतो तितका तो ताजा. कढईतून निघालेला वडा थेट पावात जात असेल तर खा. वड्यांचा ढीग थंड होत पडला असेल तर पुढची गाडी बघा. सीएसएमटीसमोरचं आराम, पार्ल्यात मिठीबाई कॉलेजसमोरचं आनंद, ताडदेवला पावभाजीसाठी सरदार, जिथे भाजीवरच्या लोण्याचा गोळा बघून घाबरायचं नाही, ‘बटर कम’ म्हटलं तरी तो येतोच. घाटकोपरची खाऊगल्ली रात्री, झवेरी बाजारची दुपारी.

पहिले दोन-तीन महिने, निदान तुमचं पोट इथल्या पाण्याला सरावेपर्यंत, उघड्यावर कापून ठेवलेली फळं, बर्फाचा गोळा आणि पावसाळ्यातली पाणीपुरी यांपासून लांब राहा. भेळ, शेवपुरी चालेल. हिरवी चटणी कमी.

पायरी ६ : बिल वाचा

बहुतेक हॉटेलांत जेवणावर जीएसटी ५ टक्के लागतो. छोटं हॉटेल कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी करपद्धत) असेल तर ते गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊच शकत नाही, आणि तसा फलक त्यांनी लावायचा असतो. ‘सर्व्हिस चार्ज’ ही कराची बाब नव्हे, ती टीपच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये सांगितलं की ती आपोआप बिलात घालता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ते मान्य केलं. बिलात दिसली तर शांतपणे ‘हे काढा’ म्हणा. वाद घातलाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. वेटरला मात्र हातात काही ठेवत जा, ती रक्कम त्याच्यापर्यंत नक्की पोचते. उडप्याकडे आणि खानावळीत सुटे पैसे ताटलीत सोडले की झालं.

पायरी ७ : वर्षाचा अंदाज ठेवा

जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत महागडा मासा मागवण्यात अर्थ नाही. सुक्या बोंबलाची चटणी, सोड्याची (सुक्या कोलंबीची) खिचडी, जवळा (अगदी बारीक कोलंबी) हे असलं मागवा. श्रावण लागण्यापूर्वीच्या रविवारी कुठल्याही मांसाहारी हॉटेलात टेबल मिळणार नाही हे गृहीत धरा. श्रावणात मात्र त्याच हॉटेलांत निवांत बसता येतं, आणि ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात गेल्या की मासळीही सुधारते. ओणमच्या सुमारास फोर्ट आणि माटुंग्याकडच्या केरळी-दक्षिणी हॉटेलांत साद्या, म्हणजे केळीच्या पानावरची केरळी मेजवानी, असते, आधी फोन करून जागा राखा. थंडीत पनवेल-अलिबागकडचा कुणी आगरी सहकारी पोपटीला (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा आणि कोंबडी) बोलवेल. हॉटेलात मिळत नाही ती, शेतावरच खायची असते. त्या शनिवारी दुसरा कुठलाही बेत असला तरी रद्द करा, आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका.